मोंतेपुल्चानोला जायचंय? चढ, तळघरं आणि वाईन यांचा नीट हिशोब

इटलीची टूर म्हटलं की आपल्याकडे रोम, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा, व्हेनिस हे ठरलेलं असतं, आणि तोस्कानातली (टस्कनीतली) डोंगरावरची जुनी गावं बसच्या खिडकीतून दिसतील तेवढीच दिसतात. त्यातलं एक तरी गाव ज्यांना नीट बघायचंय, म्हणजे तिथे रात्री राहून, चालून, तिथली वाईन तिथल्याच तळघरात चाखून, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गाव मोंतेपुल्चानो, सिएना जिल्ह्यात, सुमारे ६०० मीटर उंचीवर, एका बाजूला व्हाल द'ओर्चा आणि दुसऱ्या बाजूला व्हाल दि क्याना अशा दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगराच्या कण्यावर लांबट पसरलेलं.

हेच का? सान जिमिन्यानोचे मनोरे जास्त फेमस आहेत पण फ्लॉरेन्सहून निघणाऱ्या सगळ्या एकदिवसीय बसेस तिथेच ओततात. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो वाईन जास्त नावाजलेली, पण तिथले बरेच वाइनवाले गावाबाहेर मळ्यात, म्हणजे गाडी आली आणि गाडी आली की एकाने प्यायचं नाही हेही आलं. मोंतेपुल्चानोत वाइनची जुनी तळघरं थेट गावात, राहत्या वाड्यांच्या पोटात आहेत, त्यामुळे चालत चालत चार ठिकाणी चाखून चालतच रूमवर परतता येतं. माझ्या मते हा एकच मुद्दा बाकी सगळ्यावर भारी आहे.

पण इथला प्लॅन दोन गोष्टींभोवती करावा लागतो, चढ आणि दुपारची बंद वेळ. या दोन्ही सांभाळल्या की बाकी सगळं सोपं.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी रस्ते तापतात आणि तो चढ नकोसा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत बरीच हॉटेलं, रेस्टॉरंटं बंद असतात. नाशिकची सवय असलेल्यांनी एक ध्यानात घ्या, आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च होते, तिकडे ती सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. तोडणीच्या दिवसांत मळे बघायला सुंदर, पण वाइनरीतले लोक कामात बुडालेले असतात, तुमच्याशी तासभर गप्पा मारायला त्यांना वेळ नसतो. निवांत बोलायचं असेल तर मे बरा.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ब्राव्हियो देल्ले बोत्ती असते. गावातल्या आठ मोहल्ल्यांच्या टीम, प्रत्येकी दोन गडी, सुमारे ८० किलोचं लाकडी पिंप ढकलत एक किलोमीटरहून जास्त चढावरून वरच्या चौकापर्यंत नेतात. मुळात ही घोड्यांची शर्यत होती, पिंपं आली १९७४ पासून. बघायला धमाल आहे पण त्या आठवड्यात रूम मिळणं मुश्किल, ठरवलंच तर कित्येक महिने आधी बुक करा नाहीतर ती तारीख टाळाच.

व्हिसाचं थोडक्यात

शेंगेन व्हिसा लागतो, फी मोठ्यांना ९० युरो, त्यावर सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला इन्शुरन्स. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीच्या सीझनला अपॉइंटमेंटसाठी मारामारी असते म्हणून विमानाच्या तिकिटाआधी अपॉइंटमेंटच्या तारखा बघा. ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज, म्हणजे पॅरिसला पाच आणि इटलीत चार असतील तर फ्रान्सकडे.

पोचायचं कसं

मोंतेपुल्चानो नावाचं रेल्वे स्टेशन आहे, नकाशात दिसतं, आणि लोक खुश होऊन तिथलं तिकीट काढतात. ते खाली खोऱ्यात, गावापासून बरंच लांब आहे आणि तिथे गाड्याही मोजक्याच थांबतात. तुम्हाला उतरायचंय ते क्युसी-क्यानचानो तेर्मे या स्टेशनवर. रोम-फ्लॉरेन्स जुन्या लाइनवर आहे, रोमहून किंवा फ्लॉरेन्सहून रीजनल गाडीने साधारण दीड-दोन तास. बहुतेक हायस्पीड गाड्या तिथे थांबत नाहीत. रीजनल गाडीचं भाडं फिक्स असतं, आधी काढलं म्हणून स्वस्त पडत नाही, तेव्हा घाई नको, विमान लेट झालं तर पुढची गाडी. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड.

क्युसी स्टेशनच्या बाहेरून बस मिळते, तोस्कानातल्या गावोगावच्या बसेस आता आउतोलिनेए तोस्काने ही एकच कंपनी चालवते. पाऊण-एक तास लागतो, वळणं भरपूर, ज्यांना घाट लागतो त्यांनी गोळी घ्या. टाइमटेबलमध्ये फेरियाले लिहिलेलं असेल तर ती बस सोमवार ते शनिवार, फेस्तिव्हो म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, स्कोलास्तिको म्हणजे शाळा चालू असतील तेव्हाच. हे तीन शब्द कळले की अर्धी लढाई जिंकलीत. रविवारी बसेस इतक्या कमी होतात की रविवारी पोचायचा किंवा निघायचा प्लॅन करूच नका, केलात तर टॅक्सीचे पैसे धरून चाला. तिकीट आधी तबाक्कीत, म्हणजे सिगरेट-स्टॅम्प विकणाऱ्या दुकानात, नाहीतर अ‍ॅपवर.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, वर्षभर चालतो, आणि आपलं मूळ लायसन्सही सोबत हवं. ए-वन महामार्गावरून व्हाल दि क्याना किंवा क्युसीला बाहेर पडायचं. गावाच्या तटाबाहेर नंबर दिलेले पार्किंग लॉट आहेत, तिथे लावायची आणि विसरायची. गावात झेडटीएल आहे, म्हणजे परवाना नसलेल्या गाड्यांना बंदी, पांढऱ्या पाटीवर लाल गोल दिसला की आत शिरायचं नाही, कॅमेरे आहेत, आणि दंडाची नोटीस कधीकधी कित्येक महिन्यांनी रेंटल कंपनीमार्फत घरी येते, वर कंपनीचा स्वतःचा चार्ज. जीपीएसला हे सगळं माहीत असतंच असं नाही. हॉटेल आत असेल तर त्यांना आधी विचारा, काही जण सामान उतरवण्यापुरती गाडीच्या नंबरची नोंद करून देतात.

आणि दारू पिऊन चालवण्याची लिमिट ०.५ ग्रॅम प्रति लिटर, लायसन्सला तीन वर्षं झाली नसतील तर शून्य.

राहायचं कुठे

तटाच्या आत की बाहेर मळ्यातल्या अग्रितुरिस्मोमध्ये, म्हणजे शेतावरच्या पाहुण्यांच्या घरात? गाडी नसेल तर विचार करायचाच नाही, आत. गाडी असली तरी किमान एक रात्र आत काढा कारण पाच-सहा वाजले की दिवसभराचे पाहुणे निघून जातात आणि गाव परत गावकऱ्यांचं होतं, आजोबा लोक बाकावर, पोरं चौकात फुटबॉल खेळतायत. लहान मुलं असतील आणि स्विमिंग पूल हवा असेल तर मळ्यातलं घर भारी, स्वयंपाकघरही असतं, वरण-भाताची सोय होते.

बुक करताना दोन प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का, आणि पोर्ता अल प्रातोपासून, म्हणजे गावाच्या खालच्या दरवाजापासून, चालत किती लांब. जुन्या वाड्यांमध्ये लिफ्ट बहुतेक नसते आणि तीस किलोची बॅग घेऊन त्या दगडी चढावर जाणं म्हणजे शिक्षा. मोठी बॅग रोमला ठेवून छोटी सॅक आणता आली तर उत्तम.

गाव चढायचं कसं

खालचा दरवाजा पोर्ता अल प्रातो आणि सगळ्यात वर पियात्सा ग्रांदे, मधे कोर्सो हा मुख्य रस्ता, जवळपास दीड किलोमीटर. सिंहगड चढणारे याला चढ म्हणणारही नाहीत, पण आईबाबा सोबत असतील तर गोष्ट वेगळी. खालून वर जाणाऱ्या छोट्या मिनीबस आहेत, त्या थेट वर सोडतात. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वर बसने जाऊन खाली चालत यावं असं सगळे सांगतात, मी उलट सांगेन, कारण गुडघ्यांना उतार जास्त त्रास देतो आणि पावसात तो दगड चांगलाच निसरडा होतो. सकाळी हळूहळू थांबत थांबत चढा, संध्याकाळी मिनीबसने उतरा. पण तिची शेवटची फेरी कधी आहे ते सकाळीच बघून ठेवा.

चढताना थांबायला निमित्तं भरपूर आहेत. दरवाजातून आत आलं की लगेच खांबावर सिंह बसलाय, तो मार्झोक्को, फ्लॉरेन्सचं चिन्ह. हे गाव शतकानुशतकं सिएना आणि फ्लॉरेन्सच्या ओढाताणीत सापडलेलं, १५११ मध्ये शेवटी फ्लॉरेन्सकडे आलं आणि सिएनाच्या लांडगीच्या जागी सिंह बसला. पुढे पलात्सो बुचेल्ली, याच्या भिंतीच्या खालच्या भागात एत्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या, अस्थिकलशांचे कोरीव दगड आणि लॅटिन शिलालेख चक्क विटांसारखे बसवलेत, दोन हजार वर्षांहून जुन्या गोष्टी रस्त्यावर, तिकीट नाही काही नाही. लोक आइस्क्रीम खात त्याच्या समोरून निघून जातात.

त्यानंतर सांत'आगोस्तिनो चर्च, दर्शनी भाग फ्लॉरेन्सचा आर्किटेक्ट मिकेलोत्सो याचा, आणि बरोबर समोर मनोऱ्यावर पुल्चिनेल्ला, नेपल्सच्या नाटकातला विदूषक, तो तासाला घंटा वाजवतो. घड्याळ बघून तिथे पोचा. थोडं वर गेलं की काफे पोलित्सियानो, १८६८ पासूनचं, खिडकीतून व्हाल दि क्यानाचं खोरं दिसतं. काउंटरवर उभं राहून घेतलेली कॉफी टेबलवरच्यापेक्षा स्वस्त पडते, हे इटलीत जवळपास सगळीकडे, पण इथे मात्र खिडकीपाशी बसायचे पैसे मोजा. काफेचं नाव ज्याच्यावरून पडलं तो कवी पोलित्सियानो, जन्म १४५४, याच गावचा.

शेवटचा तुकडा सगळ्यात खडा. मग एकदम चौक उघडतो. पियात्सा ग्रांदेत एका बाजूला पलात्सो कोमुनाले, म्हणजे नगरपालिका, फ्लॉरेन्सच्या पलात्सो व्हेक्कियोचा धाकटा भाऊ दिसतो कारण तोही मिकेलोत्सोने त्याच धर्तीवर केलेला. याच्या मनोऱ्यावर चढता येतं, जिना अरुंद, हवा स्वच्छ असेल तर त्रासिमेनो तलाव आणि आमियाता डोंगर दिसतो. शेजारी कॅथेड्रल, बाहेरून अगदी ओबडधोबड, कारण दर्शनी भाग कधी पुराच झाला नाही. बघून लोक आत जात नाहीत, तुम्ही जा, वेदीवर ताद्देओ दि बार्तोलोने १४०१ मध्ये केलेलं मेरीच्या स्वर्गारोहणाचं प्रचंड मोठं सोनेरी चित्र आहे. चौकातल्या विहिरीवर सिंह आणि ग्रिफिन, मधे फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचं चिन्ह.

तळघरं आणि वाईन, मुख्य काम

आधी नावाचा घोळ मिटवू. दुकानात तुम्हाला मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो नावाची बाटली दिसेल, तिचा या गावाशी काहीएक संबंध नाही, ते द्राक्षाच्या जातीचं नाव आहे आणि ती वाईन दुसऱ्याच प्रांतातली. इथली ती व्हिनो नोबिले दि मोंतेपुल्चानो, किमान ७० टक्के सांजोवेझे द्राक्ष, त्याला गावात प्रुन्योलो जेंतिले म्हणतात. १९८० मध्ये इटलीतला सगळ्यात वरचा डीओसीजी दर्जा ज्यांना पहिल्यांदा मिळाला त्यांत ही होती. नोबिलेला विक्रीआधी दोन वर्षं मुरवावं लागतं, रिझेर्व्हाला तीन. आणि त्याच मळ्यांतली तरुण, हलकी, स्वस्त वाईन म्हणजे रोस्सो दि मोंतेपुल्चानो. रोजच्या जेवणाबरोबर मला तर रोस्सोच बरी वाटते, पण हे वाइनवाल्यासमोर बोलू नका.

तळघरात शिरलात की थंडगार, कारण खाली डोंगरच पोखरलेला, बाहेर ऊन असो की बर्फ, आत तापमान फारसं हलत नाही. ओकची मोठी पिंपं, काही माणसापेक्षा उंच. लहान पिंपात लाकडाचा स्वाद जास्त उतरतो कारण थोड्या वाइनला जास्त लाकूड लागतं, मोठ्या पिंपात कमी. चाखताना कुठली कशात मुरलीय ते विचारलं की फरक जिभेवर कळायला लागतो.

कुठे जायचं? पलात्सो रिच्चीखालचं दे' रिच्ची तळघर बघण्यासाठी नंबर एक, उंच कमानी, जिने खाली खाली जातात, वाईन न पिणाऱ्यांनाही आवडेल. चौकातच कोंतुच्ची, शतकानुशतकं याच गावात असलेलं घराणं, वाडा आर्किटेक्ट सांगाल्लो थोरला याने दुसऱ्या एका घराण्यासाठी सुरू केलेला, त्या घराण्यातला एक जण पुढे पोप झाला, ज्युलियस तिसरा. आणि वर किल्ल्यात उत्पादक संघाचं एनोलितेका आहे, तिथे वेगवेगळ्या घरांच्या वाईन एकाच जागी चाखता येतात. पहिल्यांदाच येणाऱ्याने सुरुवात इथून करावी, कुठलं घर आपल्याला आवडतं ते कळतं, मग तिथे जावं. गावाबाहेर आव्हिन्योनेझी, बोस्कारेल्ली, साल्केतो वगैरे मळे आहेत, तिथे ईमेल करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका.

दिवसाला दोन, फार तर तीन तळघरं. त्यापुढे सगळ्याच वाईन छान लागतात आणि क्रेडिट कार्ड हलकं होतं. सकाळी चढताना प्यायचं नाही, आधी नीट जेवण, मग दुपारी चारनंतर. क्रम हलक्यापासून जडकडे, रोस्सो, नोबिले, रिझेर्व्हा. घोट तोंडात फिरवून ठेवलेल्या भांड्यात थुंकलात तर कोणी वाईट मानत नाही, उलट माहितगार समजतात. रेड वाईन तोंडाला ओढते, जीभ कोरडी पडते, ज्यांना पोर्टसारख्या गोड वाईनची सवय आहे त्यांना पहिला घोट आवडणार नाही, तेव्हा सोबत चीज मागा आणि मग परत प्या.

शेवटी व्हिन सांतो. द्राक्षं तोडून काही महिने सुकवतात, मग पिळून अगदी छोट्या पिंपांत बंद करून माळ्यावर ठेवून देतात, उन्हाळ्याची गरमी आणि थंडी दोन्ही खात वर्षानुवर्षं. लाल द्राक्षांचा जो प्रकार, ओक्यो दि पेर्निचे, त्याला किमान आठ वर्षं. घट्ट, गोड, सुक्या अंजिराची आठवण येते. महाग आहे, ग्लासभर घेऊन चौघांत वाटून प्या.

जेवण, आणि शाकाहारी लोकांचं काय

दुपारी साधारण एक ते चार बरीच दुकानं, छोटी चर्च बंद. किचन अडीचला बंद होतं ते थेट साडेसातला उघडतं. म्हणजे साडेतीनला भूक लागली तर सँडविच. एक वाजता टेबलावर बसलेलं असणं हा सगळ्यात सोपा उपाय.

इथला पास्ता म्हणजे पिची, हाताने वळलेल्या जाड शेवया, अंडं बहुतेक नसतं किंवा अगदी थोडं. पिची अल्ल'अल्योने मागा, टोमॅटो आणि खोऱ्यातला मोठ्या पाकळ्यांचा सौम्य लसूण, मांस नाही. पिची काचो ए पेपे, चीज-मिरी. ब्रेडच्या चुऱ्याची पिचीही असते. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा ब्रेड, आपल्याला जमून जातो. रिबोल्लिता हे भाज्या-बीन्सचं सूप, पण स्टॉक मांसाचा नाही ना ते विचारा. क्रोस्तिनी तोस्कानी हा स्टार्टर निरुपद्रवी दिसतो, त्यावर कोंबडीच्या काळजाची पेस्ट असते. पिएन्झाचं पेकोरिनो चीज मधाबरोबर अप्रतिम, मात्र बऱ्याचदा त्यात प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट करायचं विरजण) असतं, कडक शाकाहारी असाल तर वनस्पतीजन्य रेनेटचं मागा, मिळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मळ्यातलं किचनवालं घरच घ्यावं.

मांसाहारी लोकांसाठी क्यानिना बैलाची बिस्तेक्का, म्हणजे जाड स्टेक, किलोच्या हिशोबाने येते आणि आतून लालच असते, पूर्ण शिजवून मागितली तर काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात. रानडुकराचा किंवा बदकाचा रागू, म्हणजे पास्त्यावरचा मांसाचा सॉस, तोही मिळतो.

ब्रेडमध्ये मीठ नसतं, ते विसरलेले नाहीत, तोस्कानात असाच करतात. बिलात कोपेर्तो, म्हणजे टेबलावर बसायचा चार्ज, दिसेल, माणशी दोन-चार युरो, ती फसवणूक नाही. बरं, आणि नळाचं पाणी पिता येतं, बाटली भरून घ्या.

दुसरा दिवस

सान ब्याजो हे चर्च गावाच्या खाली, तटाबाहेर हिरवळीवर एकटं उभं आहे, सांगाल्लो थोरल्याचंच, १५१८ मध्ये सुरू झालेलं, पिवळट ट्रॅव्हर्टिन दगडाचं, दोन मनोऱ्यांपैकी एक अर्धवटच राहिलेला. तुम्ही एकच इमारत नीट बघणार असाल तर ही. खाली जायला वीस मिनिटं, परत येताना तेच अंतर दुप्पट वाटतं. म्हणून गाडीवाल्यांनी गाव सोडताना वाटेत थांबावं, बाकीच्यांनी सकाळी नाश्त्याआधी.

मग पिएन्झा, १४ किलोमीटरवर. पोप पायस दुसरा याने स्वतःचं जन्मगाव १४५९ पासून काही वर्षांत नव्याने बांधून घेतलं, आर्किटेक्ट रोस्सेल्लिनो. सपाट आणि छोटं, आईबाबा खुश. सोमवार ते शनिवार बस आहे, जाताना परतीची बस आधी बघा. गाडी असेल तर वाटेत मोंतिक्केल्लोकडे वळा, त्या बाजूला सायप्रसच्या झाडांचा नागमोडी रस्ता आहे जो कॅलेंडरवर असतो. मोंताल्चिनो त्याच दिवशी कोंबू नका.

बाटल्या घरी आणताना

भारतात येताना प्रत्येक मोठ्या माणसाला दोन लिटर दारू ड्युटी-फ्री. नोबिलेच्या ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि व्हिन सांतोची ३७५ मिलीची छोटी एक, एकूण १,८७५ मिली, बरोबर बसतं. जोडप्याचं डबल. हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, मग जीन्समध्ये गुंडाळून, बॅगेच्या मध्यभागी, कडेला नको. दुकानदाराकडे बबल रॅप मागितलं तर देतात. बिलं जपून ठेवा, कस्टमवाल्याने विचारलं तर दाखवायला लागतात, आणि दोन लिटरच्या वर असेल तर रेड चॅनेलने जाऊन ड्युटी भरा.